पाचही भीम

१

येळवशीच्या दुपारी गावात माणूस म्हणून उरत नाही, आणि म्हणूनच सत्यभामाबाईंचं घर तळ्यात जाताना कोणी पाहिलं नाही.

घर म्हणजे चाकांवरचं घर. चार चाकांची लांबलचक गाडी, तिच्यावर सागवानी फळ्यांची खोली, दोन्ही बाजूंना खिडक्या, मागं दार आणि तीन पायऱ्या. ओढायला दोन बैलजोड्या. उद्धवराव हैदराबादच्या एका कचेरीत पेशकार होते. नोकरी संपली आणि बायकोच्या छातीचं दुखणं वाढलं. हकीम म्हणाले, थंडीत यांना शहराच्या धुरात ठेवू नका, पाण्याकाठची हवा द्या. तेव्हा त्यांनी सुतार बसवून ही गाडी करून घेतली. निजामी फसली तेराशे पंचेचाळीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पस्तीसला, निर्ण्याजवळच्या तळ्यावरचा त्यांचा तिसरा हिवाळा चालला होता. गाडीशेजारी दोन तंबू पडत, एक चुलीचा आणि एक उद्धवरावांचा. बाई मात्र गाडीतच निजत, कारण ओल त्यांना सोसत नव्हती.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी या भागातला शेतकरी चूल, देव आणि पाहुणे घेऊन शेतात जातो. कडब्याची कोपी उभी करतो, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतो, शिवारभर आंबील शिंपडतो आणि वाटसरूलाही हाताला धरून जेवायला बसवतो.

भगवानराव पाटलांच्या शेतातून आंबिलीचा तांब्या घेऊन वहिनीसाठी परत आली ती कमलबाई, उद्धवरावांची विधवा बहीण. तिला गाडी जागेवर दिसली नाही. उतारावर चाकांच्या दोन सरळ रेघा होत्या आणि रेघांच्या टोकाला, तोंड पाण्यात खुपसून, घर उभं होतं. मागच्या तीन पायऱ्या तेवढ्या कोरड्या होत्या. बाईंचं अंथरूण पुढच्या भिंतीशी असे. गाडीनं नाक टाकलं तशी आतली लोखंडी पेटी घसरून त्यांच्यावर आली होती.

अंबाजी मास्तरांना ही बातमी दुसऱ्याच्या कोपीत, हातात घास असताना कळली. घास त्यांनी तसाच पानात ठेवला.

मास्तर साठीच्या पुढचे, गावात खासगी शाळा चालवणारे, चारचौघांत तोंड न उघडणारे. तीन हिवाळे ते रोज संध्याकाळी सत्यभामाबाईंना पोथी वाचून दाखवायला येत. बाई औरादकडच्या शेतकऱ्याची लेक. आदल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "मास्तर, उद्या मला शेतात नेणार न्हाईत. खोकला वाढतोय म्हणं. पाच दगड आणून द्याल का? यांना नगा सांगू. अडाणीपणा म्हणतेत."

मास्तरांनी तळ्याच्या कडेनं हिंडून दगड निवडले. जन्म पुस्तकात गेलेला, पांडव केवढे असावेत हे त्यांना काय ठाऊक. धोतराच्या ओच्यात एक एक करून त्यांनी पाच खेपा केल्या, पानाच्या डब्यातला चुना बोटानं फासला आणि दगड पायरीजवळ ठेवले. बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि त्या हसल्या. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच.

"अगं बाई. मुठीएवढे आणायचे असतेत, मास्तर. तुमी तर पाचही भीमच आणलाव."

हसताना त्यांना खोकला आला. मास्तर ओशाळून घरी गेले होते.

आता बाईंना काठावर चटईवर ठेवलं होतं. बायका त्यांचे हात सरळ करत होत्या. मास्तरांनी मान खाली घातली, म्हणून त्यांची नजर नेमकी बोटांवर गेली. नखांच्या कडांत पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं.

"वहिनी पान खायच्या का?" त्यांनी कमलबाईला हळूच विचारलं.

"न्हाई ओ. वरीस झालं हकीमानं बंद करून," कमलबाई म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडू लागली.

२

हुमनाबादहून पोलिसांचे अमीनसाहेब संध्याकाळीच आले. त्यांनी प्रेत पाहिलं, पुढच्या क्रियेला परवानगी दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उद्धवरावांच्या तंबूत बैठक मांडली. मराठी-कानडीतली जबानी उर्दूत लिहून द्यायला आसपास एकच माणूस होता. मास्तर दौत-लेखणी घेऊन आले तर तंबूच्या दोरीजवळ ईरम्मा उभी. गाडीवान बंडेप्पाची बायको.

"मास्तर, माझा मानूस अंगठा उठवील, पन त्या कागदावर काय हाय ते त्याला कळनार न्हाई. तुमी खरं लिवा. येवढंच मागायलेव."

"खरंच लिहीन, अक्का," मास्तर म्हणाले.

बंडेप्पाला समोर बसवलं. गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर त्याचा हात होता आणि तो तिथून हलत नव्हता.

अमीनसाहेब भले गृहस्थ होते, पण त्यांना घाई होती. "इसकू पूछो मास्तर, चाकां के नीचे पत्थर लगाया था क्या?"

"लावलो की. चार चाकाला चार," बंडेप्पा म्हणाला. "लिंगाची आन."

"फिर गए किधर? उतार पो नहीं, पानी में नहीं."

हे खरं होतं. तळ्याचा राखणदार हावगेप्पा सकाळपासून पाण्यात उतरून पायानं तळ चाचपत होता. गाळाशिवाय त्याच्या पायाला काही लागलं नव्हतं.

"त्ये मला कसं ठावं? मी शेतात गेलतो."

"छुट्टी किसने दी?"

रजा कोणीच दिली नव्हती. उद्धवरावांनी नाही म्हटलं तेव्हा तो चारचौघांत बोलून बसला होता, "येळवशीला शेतात न्हाई जायाचं तर जगायचं कामून? ह्ये चाकाचं घर एक दिस तळ्यात जानार हाय." हे बोलणं पाटलाच्या गड्यांनी ऐकलं होतं आणि अमीनसाहेबांच्या कागदावर ते आधीच चढलं होतं.

"तोंडानं गेलं, साहेब. उताराला भिऊन बोललो. पयले गाडी वर सपाटीला व्हती. काल पहाटं मालकांनीच खाली घ्यायला लावली, बाईसाहेबांना खिडकीतून पानी दिसावं म्हनून. तोंड दिसंना असला अंधार. हाताला लागले त्ये दगड लावलो, नारळायेवढे. वर पयल्या जागी पायरीपाशीच पडले व्हते."

मास्तरांची लेखणी थांबली.

"क्या बोला?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"म्हणतो... पत्थर लगाए," मास्तर म्हणाले.

पायरीपाशीच पडले होते, हे शब्द त्यांनी लिहिले नाहीत. का लिहिले नाहीत, हे त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं. उद्धवराव समोर बसले होते आणि बाई म्हणाल्या होत्या, यांना नगा सांगू. पण एवढंच कारण नव्हतं. दगड कोणी ठेवले, हा पुढचा प्रश्न त्यांना नको होता. बंडेप्पानं काही न विचारता कागदावर अंगठा उठवला आणि मास्तरांकडे विश्वासानं पाहिलं.

३

"मी वहिनीशी भांडले होते," कमलबाईनं स्वतःहूनच सांगितलं. "सकाळी. त्या म्हणाल्या, मला संगं ने. मी म्हणले, तुम्ही आलाव की सगळ्यांना तुमचंच करत बसावं लागतंय. असं बोलले मी. मग जेवण उतरेना, म्हणून आंबील घेऊन लवकर आले."

"लवकर म्हणजे किती?" उद्धवरावांनी विचारलं. सकाळपासून ते पहिल्यांदाच बोलत होते.

"पाहिजे तेवढं लवकर न्हाईच आले, दादा."

अमीनसाहेबांनी कमलबाईकडे जरा जास्त वेळ पाहिलं. शिवार जेवत असताना तळ्यावर परत आल्याचं ठाऊक असलेली ती एकटीच होती. तेवढ्यात हावगेप्पा ओल्या अंगानंच आत आला. पाण्याची मोरी उघडणं, बंद करणं आणि तळ्यात कोण काय धुतं यावर डोळा ठेवणं हे त्याच्या बापजाद्यांचं काम. हे तंबूवाले लोक त्याला मनातून आवडत नसत.

"लई सांगलो मालकांना, पान्याच्या तोंडावर ऱ्हाऊ नगा. तळ्याला मानसाचा वास लागला की बरं न्हाई. आमाला कोन विचारतंय."

"तळं राहू दे. येळवशीला तू कुठं होतास?" मास्तरांनी विचारलं.

"मोरीवर. येळवस असू दे न्हाई तर दिवाळी, मोरी सोडून जाता येत न्हाई. जेवनबी तिथंच आलतं." तो घुटमळला. "एक बाई दिसली. लांबून. दिस डोईवर आलता. चाकापाशी वाकायलीती. एका चाकापाशी, मग दुसऱ्या. काहीतरी काढून पोटाशी धरून गाडीमागं जायलीती, परत यायलीती. मग मी मोरीत उतरलो, पुढलं काय बी दिसलं न्हाई."

कमलबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"कौनसी बाई?" अमीनसाहेब पुढं सरकले.

"तोंड कुठलं दिसतंय इतक्या लांबून. हिरवं लुगडं व्हतं."

मास्तरांनी मान वर केली. कमलबाई विधवा झाल्याला अकरा वर्षं झाली होती, हिरवं तिच्या अंगाला लागत नव्हतं. हिरवं लुगडं काल काठावरच्या चटईवर होतं.

हे अमीनसाहेबांच्याही लक्षात आलं. त्यांनी दाढी कुरवाळली आणि आवाज उतरवून म्हणाले, "पेशकारसाब, बुरा मत मानो. बीमार थी. आपकी बहन से झगड़ा हुआ था. खुद पत्थर निकाले, खुद अंदर जा के लेट गई. यह खुदकुशी है." मग मास्तरांकडे वळून, "लिखो मास्तर. गाडीवान बेकसूर."

बाहेर दोरीजवळ ईरम्मा रडली. ते सुटकेचं रडणं होतं.

उद्धवराव उठले. तंबूच्या खांबाला हात लावून उभे राहिले. "मी तिला शेतात जाऊ दिलं नाही," ते म्हणाले. "म्हणून?"

अमीनसाहेबांनी कोरा कागद मास्तरांपुढं सरकवला.

मास्तरांना आता काहीच करायचं नव्हतं. बंडेप्पा सुटला होता. गाळलेले तीन शब्द कोणी विचारणार नव्हतं. एक ओळ लिहून सही घ्यायची आणि घरी जायचं. लेखणी दौतीत बुडवून त्यांनी कागदावर आणली, आणि शाईचा थेंब पडून पसरला.

"साहेब," ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला, "एक घटका थांबता का? मला बाहेर जाऊन यायचं आहे."

"जाओ, जाओ. बुढ़ापा सबकू आता," अमीनसाहेब हसले.

४

मरायला निघालेलं माणूस दगड काढतं, पण उचलून नेत नाही. बाजूला ढकलतं. हा विचार मास्तरांच्या डोक्यात होता. चार दगड, आजारी बाई, एका दमाला एक. छातीतून सूं सूं आवाज येत असताना चार खेपा. कुठं नेले असतील तिनं, आणि कशासाठी?

गाडीच्या मूळ जागेमागं बैलांच्या कडब्याची गंजी होती, आणि तिच्यापलीकडे पाटलांच्या जोंधळ्याचा बांध. बांधावरून मास्तरांनी शिवार पाहिलं. जिथवर नजर जाईल तिथवर कालच्या कोप्या उभ्या होत्या. प्रत्येक शेतात एक, प्रत्येकीत पाच पांढरे ठिपके. सकाळपासून साहेबांचे शिपाई चार दगड शोधत याच बांधावरून पाच वेळा गेले होते. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी कोपीतले पांडव कोण मोजतो?

गंजीच्या आडोशाला एक कोपी इतरांपेक्षा बुटकी होती. पाच पेंढ्या एकमेकींना टेकवलेल्या, शेंडे बांधलेले. बांधणी सुबक होती, लहानपणी शिकलेल्या हाताची. दोरी मात्र कडब्याची नव्हती. पिवळी, सुती, टोकाला गाठ. ती पोथीच्या बासनाची दोरी होती. पोथी मास्तर बाईंकडेच ठेवून जात.

ते गुडघ्यांवर बसले. आत पाचही भीम मांडले होते. ताजा चुना, वर कुंकवाची बोटं, समोर गुळाचा खडा. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

मास्तरांनी हात जोडले, आणि मग जे करू नये ते केलं. पहिला दगड उचलून उलटा केला. खालच्या बाजूला त्यांचाच परवाचा चुना होता, बोटांचे ओरखडे तसेच. त्यावरून आडवा काळपट पट्टा गेला होता. चाकाच्या लोखंडी धावेचा गंज. दुसऱ्या दगडाला तोच पट्टा. तिसऱ्याला. चौथ्याला. पाचवा कोराच.

सगळं आता समोर होतं. चाकं चार, दगड पाच. पहाटेच्या अंधारात बंडेप्पानं हाताला लागलेले चार चाकांखाली सारले, पाचवा वर पहिल्या जागी राहिला. मुठीएवढे असते तर त्यानं उचललेही नसते. दुपारी बाई दगड घ्यायला उतरल्या आणि त्यांनी पाहिलं, चुना लागलेले देव चाकाखाली पडले आहेत. या मातीतली बाई, तिनं दुसरं काय करावं? दवानं ओली जमीन भारानं खचून चाकं थोडी रुतली होती, दगड मोकळे झाले होते. चारही काढले तरी गाडी हलली नाही. म्हणजे दगडांची गरज नव्हती, असं तिला वाटलं असणार. तिनं देव इथं आणले, पुन्हा चुना लावला, पूजा केली. मग थकून निजायला गेली. मागच्या पायऱ्या चढताना जो जोर पुढं बसला, तेवढाच त्या उताराला हवा होता.

पण मास्तरांना रडू आलं ते यानं नाही. कोपीच्या बाहेर, सावलीच्या बाजूला, पळसाची पानं जोडून केलेल्या पत्रावळी ठेवल्या होत्या. रिकाम्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक खडा.

त्या दोन होत्या.

५

"तुम्ही सगळे चला," मास्तर तंबूच्या तोंडाशी येऊन म्हणाले. एवढ्या मोठ्यानं ते शाळेतही कधी बोलले नव्हते.

कोपीपाशी त्यांनी दगड एक एक करून उलटे करून दाखवले. सांगताना दोनदा अडखळले, एकदा चाकांची संख्या चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बंडेप्पानं धावेचा पट्टा पाहिला आणि तो मटकन खाली बसला.

"अंधार व्हता, मास्तर. चुना दिसला असता तर हात लावलो नसतो. देव चाकाखाली घालायचं पाप कोन करतंय?"

"तुझा दोष नाही. जबानीत तू सांगितलं होतंस, दगड पायरीपाशी पडले होते म्हणून. ते मी लिहिलं नाही." मास्तर अमीनसाहेबांकडे वळले. "साहेब, ते दगड मी आणले होते. मी ठेवले होते. मुठीएवढे आणायचे असतात, मला ठाऊक नव्हतं. जबानीत मी तीन शब्द गाळले. हे लिहायला हवं."

ईरम्मा पदर चावत मास्तरांकडे बघत होती.

अमीनसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मैं पच्चीस साल से लिख रहा हूं, मास्तर. एक ने पत्थर लाए, सवाब का, पुन्न का काम. एक ने गाड़ी रोकी, अपना काम. एक ने देव उठाए. इसमें मुजरिम किधर लिखूं?"

"ते तुम्ही ठरवा. पण खुदकुशी लिहू नका. जिला मरायचं असतं ती दोन पत्रावळी मांडत नाही."

उद्धवरावांनी पत्रावळी तोवर पाहिल्या नव्हत्या. आता पाहिल्या. एकीवरचा खडा त्यांनी उचलला आणि हातात धरून ठेवला. पत्रावळ वाऱ्यानं थरथरली.

"मी संध्याकाळी येईन म्हणालो होतो," ते म्हणाले. "पाटलांकडे जेवूनच आलो असतो."

अमीनसाहेबांनी मास्तरांच्या हातातला कागद घेतला, शाई सांडलेला, आणि चार तुकडे केले. दुसऱ्या कागदावर काय लिहायचं ते सांगितलं: दगड काढले गेले ते देवपूजेसाठी, गाडी उतारावरून गेली, अपघात. मास्तरांनी तसं लिहिलं. शेवटी मात्र कोणी न सांगता एक ओळ घातली, की दगड लिहिणाऱ्यानं आणून दिले होते. साहेबांनी ती वाचली, मास्तरांकडे पाहिलं आणि खोडली नाही.

बंडेप्पा आणि ईरम्मा गेले. कमलबाई चुलीच्या तंबूत भांडी आवरायला गेली, कारण काहीतरी आवरायला हवं होतं. साहेबांचा घोडा बंधाऱ्यावरून हुमनाबादच्या वाटेला लागला. कोपीजवळ दोन म्हातारे उरले.

मास्तरांनी दगड पुन्हा होते तसे मांडले. मग त्यांनी पोथीची दोरी सोडायला हात नेला आणि तसाच मागं घेतला. पोथीला दुसरी दोरी मिळेल.

"तुम्ही मला माफ करा म्हणणार नाही मी," ते म्हणाले. "तेवढी माझी लायकी नाही. फक्त जाऊ का, एवढंच विचारतो."

उद्धवराव दगडांकडे पाहत होते. "एवढे मोठे कसे आणलेत हो?"

"मला कळलं नाही. बाई म्हणाल्याही, की पाचही भीमच आणलाव. आणि हसल्या."

उद्धवरावांनी वळून पाहिलं.

"हसली?"

"हो."

"परवा?"

"परवा संध्याकाळी. खिडकीतून."

उद्धवराव बांधावर बसले, आणि शेजारची जागा त्यांनी हातानं साफ केली.

"बसा," ते म्हणाले. "कशी हसली ते सांगा."

मास्तर बसले. सांगायला त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि या खेपेला ते कुठंही चुकले नाहीत.